दहावीला गणितात राहिली: कोणत्या वाटा खरंच बंद होतात?

मोगरा

विषय घरातला आहे, पण अनेकांच्या उपयोगाचा आहे म्हणून धागा काढतेय. आम्ही भांडुपला असतो. माझ्या भावाची मुलगी यंदा दहावीला होती, राज्य मंडळ, मराठी माध्यम. मराठीत ८१, सामाजिक शास्त्रांत ७४, हिंदी-इंग्रजी-विज्ञान व्यवस्थित पास आणि गणितात २७. बीजगणित ६, भूमिती ५, अंतर्गत १६.

निकाल लागल्यापासून घरी येणारा प्रत्येक जण दोनपैकी एक काहीतरी बोलून जातो. एक म्हणजे ‘आता पार्लरचा कोर्स लावा, शिक्षणाचं काही खरं नाही’. दुसरं म्हणजे ‘गणित आयुष्यात कुठे लागतं, आइन्स्टाइनसुद्धा नापास झाला होता’. पहिल्यांचा मला मनापासून राग येतो. पण दुसऱ्यांनी पोरीला खोटा धीर द्यावा हेही मला नकोय. मी तिची आत्या. तिच्याशी खरं बोलणारं घरात कुणीतरी हवं.

म्हणून सरळ विचारते. गणितात राहिल्यानं काय कायमचं बंद होतं, काय फक्त लांबतं आणि कशाला काहीच फरक पडत नाही? ती कधी नर्सिंग म्हणते, कधी वकील. चित्रकला उत्तम आहे, इंटरमिजिएट दिलेली आहे. ज्यांना आपापल्या क्षेत्रातलं पक्कं माहीत आहे त्यांनी लिहा.

घाटकोपरचा_टर्नर

पक्कं माहीत आहे तेवढंच लिहितो. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा दहावी पास झाल्याशिवाय नाही, आणि तिथे पहिल्याच सत्रात बेसिक मॅथेमॅटिक्स आहे. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, फिटर, ड्राफ्ट्समन हे ट्रेड गणित-विज्ञान घेऊन दहावी पास असलेल्यांना. आर्किटेक्चरला बारावीला गणित हवं. इंजिनीअरिंगचं तर बोलायलाच नको.

आणि ही अट उगाच घातलेली नाही. मी लेथवर काम करतो. ४० मिलिमीटरचा रॉड ५० मिलिमीटर लांबीत निमुळता करत ३० वर उतरवायचा असेल तर कंपाउंड स्लाइड (लेथचा हत्यार धरणारा, तिरका फिरवता येणारा भाग) किती अंशांत फिरवायची? व्यासांतला फरक भागिले दुप्पट लांबी, म्हणजे १० भागिले १००. टॅन ०.१, कोन साधारण पावणेसहा अंश. दहावीची त्रिकोणमिती आहे ही, दुसरं काही नाही. ज्याला हे येत नाही तो दुसऱ्यानं सांगितलेला आकडा लावत बसतो आणि वर्षानुवर्षं हेल्परच राहतो. शॉपमध्ये अशी माणसं रोज बघतो, हाताला पक्की, पण पगार तिथेच अडकलेला.

त्यामुळे ‘गणित लागत नाही’ म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

तारांगण

आइन्स्टाइनबद्दल आधी सांगते, कारण हे प्रत्येक निकालानंतर फिरतं. तो गणितात कधीच नापास झाला नव्हता. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत त्यानं कलनशास्त्र आत्मसात केलं होतं. १८९५ मध्ये झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत तो अडला तो इतर विषयांत, गणित आणि भौतिकशास्त्र उत्तम होतं. रामानुजन यांचंही तेच. गणितापुढे बाकीच्या विषयांकडे लक्ष दिलं नाही म्हणून कुंभकोणमच्या कॉलेजातली शिष्यवृत्ती गेली.

मुलीला धीर द्यायचा तर तिच्याच गुणपत्रिकेतून द्या. मराठीत ८१ सोपे नाहीत.

परळचा_मास्तर

मोगराताई, माझी सगळी नोकरी रात्रशाळेत गणित शिकवण्यात गेली. दिवसा दुकानात, कारखान्यात, फुलबाजारात राबून संध्याकाळी वर्गात बसणारी पोरं. त्यामुळे या विषयावर थोडं जास्त लिहिलं तर चालवून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे एक विषय राहिला आहे, दहावी गेलेली नाही. बाकीच्या पाच विषयांचे गुण तिच्या खात्यात जमा आहेत, ते परत द्यायचे नाहीत. जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. २०१५ च्या आधी हीच परीक्षा ऑक्टोबरपर्यंत लांबायची आणि एका विषयापायी मुलांचं अख्खं वर्ष जायचं. आता तसं नाही. फॉर्म शाळेतूनच भरला जातो, मुदत फार थोडी असते, तेव्हा उद्याच शाळेत जा.

दुसरी, एटीकेटी. एक किंवा दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळतो. नियमित फेऱ्या झाल्यावर उरलेल्या जागांवर मिळतो, म्हणजे हवं ते कॉलेज मिळेलच असं नाही. राहिलेला विषय बारावीत जायच्या आधी सुटला पाहिजे. हा आधार म्हणून ठेवा, पण त्यावर विसंबून पुरवणी टाळू नका. अकरावीचा अभ्यास आणि दहावीचं गणित दोन्ही डोक्यावर घेतलेली मुलं मार्चमध्ये दमून जातात.

तिसरी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. आठ गुण कमी आहेत, पुनर्मूल्यांकनात एवढे वाढतील या आशेनं नव्हे, तर गुण कुठे गेले ते कळावं म्हणून. मी पाहिलेल्या निम्म्या उत्तरपत्रिकांत मुलांनी अवघड प्रश्नाशी झटत पाऊण तास घालवलेला असतो आणि सोपे गुण मागे कोरे राहिलेले असतात.

आता आकडे बघू. प्रत्येक पेपर ४० चा, वेळ दोन तास. दोन पेपर आणि अंतर्गत मिळून १०० पैकी ३५ लागतात, प्रत्येक पेपरात वेगळं पास व्हावं लागत नाही. अंतर्गत १६ धरले तर ८० पैकी १९ मिळवायचे. पहिल्या प्रश्नात चार पर्यायी आणि चार एकेका गुणाचे, असे ८. दुसऱ्या प्रश्नातल्या दोन कृती ४ गुणांच्या, त्यात रिकाम्या चौकटी भरायच्या असतात, अर्धं गणित पेपरातच सोडवून दिलेलं असतं. तिसऱ्यातली कृती ३ गुणांची. एका पेपरात १५ झाले, दोन्ही मिळून ३०. ज्या मुलीला मराठीत ८१ आहेत तिला प्रश्न वाचता येतो. चौकटीच्या अलीकडची आणि पलीकडची ओळ नीट वाचली की चौकटीत काय हवं ते पुष्कळदा कळतं.

धड्यांचं म्हणाल तर बीजगणितात संभाव्यता, सांख्यिकी आणि अर्थनियोजन आधी धरा. भूमितीत रचना, पायथागोरस आणि महत्त्वमापन. समरूपतेची प्रमेयं आणि वर्तुळ शेवटी. वर्गसमीकरणाचं सूत्र पाठ असेल तर किंमती टाकून दोन-तीन गुण येतातच.

आणि एक सांगतो. दादरच्या फुलबाजारात बसणारा एक मुलगा माझ्या वर्गात होता. ऐंशी रुपये किलोनं सव्वादोन किलो झेंडू म्हटलं की त्याच्या तोंडून एकशेऐंशी बाहेर पडायचे. फळ्यावर ‘क्ष’ लिहिला की मान खाली. मग एकदा फळ्यावर लिहिलं: तीन गजरे आणि दोन हार १९० रुपये, दोन गजरे आणि एक हार १०० रुपये, एकेकाचा भाव काय? त्यानं तोंडी सांगितलं, गजरा दहा, हार ऐंशी. कसं काढलंस विचारलं तर म्हणाला, ‘सर, दुसऱ्याला डबल करा, चार गजरे दोन हार दोनशे. पहिल्यापेक्षा एक गजरा जास्त आणि दहा रुपये जास्त.’ यालाच पुस्तकात एकसामयिक समीकरणं सोडवणं म्हणतात. त्याला ते येतच होतं, फक्त ते गणित आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो पहिल्याच प्रयत्नात पास झाला.

तुमच्या भाचीला काय येतं ते आधी शोधा. काय येत नाही याची यादी तिच्याकडे भरपूर असेल.

विक्रोळीकर

मास्तर, तुमचा प्रतिसाद छापून मुलाच्या टेबलासमोर लावतोय. तो नववीत आहे.

पाटीपेन्सिल

मी विशेष शिक्षिका आहे. एक गोष्ट इथे कुणी काढली नाही म्हणून लिहिते. बाकी सगळ्यात बरे गुण आणि फक्त गणितात असा खड्डा दिसला की एकदा डिसकॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे आणि गणित समजण्यातल्या अध्ययन अक्षमतेची, शक्यता तपासून घ्यावी. म्हणजे असेलच असं नाही. पण ही मुलं आळशी किंवा बेफिकीर म्हणून वर्षानुवर्षं बोलणी खातात आणि मूळ कारण तसंच राहतं.

काय बघायचं ते सांगते. पाढे आज पाठ होतात आणि परवा कोरे होतात का? ३६ च्या जागी ६३ लिहिते का? हातचा घ्यायचा कळतं, पण आकडे एकाखाली एक लिहिताना रकाने सरकतात का? काट्यांच्या घड्याळात किती वाजले हे सांगायला वेळ लागतो का? लोकलच्या वेळापत्रकातून गाडी शोधताना गोंधळते का? लहानपणापासून असंच आहे, की आठवी-नववीतच घसरलंय? आत्ताआत्ता घसरलं असेल तर बहुधा पाया कच्चा राहिलाय, शिकवलं की भरून येतो. पहिलीपासून असेल तर तपासणी करा.

मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळतं. पालिकेचं रुग्णालय आहे, गर्दी असते, वेळ लागतो, पण खासगी तपासणीचा खर्च झेपत नसेल तर हाच रस्ता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे सवलत मागणं म्हणजे कुणाची मेहेरबानी मागणं नव्हे. मंडळाच्या सवलतींमध्ये जास्तीचा वेळ, कॅल्क्युलेटर, आणि बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित व सोबत कार्यानुभवाचा विषय असे पर्याय आहेत. शेवटचा पर्याय विचारपूर्वक घ्यावा, कारण त्यानंतर गणितावर उभ्या असलेल्या शाखांकडे वळता येत नाही. कागदपत्रं शाळेमार्फत परीक्षेच्या आधी मंडळाकडे जावी लागतात.

मोगरा

पाटीपेन्सिल, खूप आभार. तुमचे प्रश्न वाचून वहिनीशी बोलले. तिसरी-चौथीपर्यंत गणित छान होतं म्हणाली. पाचवीच्या सुमाराला लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा घरात एकच मोबाइल होता आणि तो भावाबरोबर कामावर जायचा. अपूर्णांक, दशांश, सगळं त्याच काळातलं. बहुतेक तिथूनच निसटलंय. तरी शाळेतल्या समुपदेशकांना दाखवून घेते.

मास्तर, उद्या शाळेत जातेय. एक विचारू? पुरवणीतही नाही झालं तर?

परळचा_मास्तर

तर पुढच्या मार्चला पुन्हा. आणि तेही नको असेल तर एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्था. तिथे दहावीला पाच विषय असतात आणि गणित घेतलंच पाहिजे असं नाही. आधीच्या मंडळात सुटलेले दोन विषय तिथे पुढे धरून घेता येतात. ते प्रमाणपत्र अकरावीला चालतं. गणिताशिवाय घेतलंत तर टर्नर साहेबांनी सांगितलेली दारं मात्र बंदच राहतील, म्हणून मी ते तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

‘वीस गुणांवर पास करणार’ असं कुणी सांगेल. २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात तशी तरतूद सुचवली आहे: गणित किंवा विज्ञानात २० च्या वर आणि ३५ च्या आत असेल तर शेरा मारून पुढे पाठवायचं, पण ते विषय पुढे घेता येणार नाहीत. तुमच्या भाचीला ती लागू नाही, तिच्यासाठी ३५ च. त्या आशेवर थांबू नका.

खतावणी

कॉमर्सबद्दल कुणी लिहिलं नाही. मी माटुंग्याला एका सीएंच्या ऑफिसात आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, करतोय.

अकरावी-बारावी कॉमर्सला गणित ऐच्छिक असतं, त्याऐवजी बरेच जण सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेतात. म्हणून ‘गणित जमत नाही, कॉमर्सला जा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठाच्या एफवायबीकॉमला मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स सक्तीचं होतं. सेक्रेटेरियल प्रॅक्टिस घेऊन आलेली निम्मी मुलं तिथे अडकायची, तिथेही एटीकेटी. बीएमएसला, म्हणजे मॅनेजमेंटच्या पदवीला, बिझनेस स्टॅटिस्टिक्स होतं. सीए फाउंडेशनला क्वांटिटेटिव्ह अॅप्टिट्यूडचा १०० गुणांचा पेपर आहे, प्रत्येक पेपरात ४० लागतातच आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण जातो.

पण अकाउंट्स वेगळं आहे. नावे-जमा समजणं ही शिस्त आहे, त्यात बेरीज-वजाबाकी-टक्केवारीपलीकडे काही नसतं. माझ्यासोबतच्या एका मुलीला दहावीला गणितात जेमतेम ३८ होते, आज तिच्यासारखी ताळेबंदातली चूक ऑफिसात दुसरं कुणी पकडत नाही. तर कॉमर्स बंद नाही, फक्त तिथे गणित नाही असं समजून येऊ नका.

सांजवात

आर्ट्सला तरी नसतं ना? माझी मुलगी त्याच भरवशावर मानसशास्त्र घेणार आहे.

खतावणी

ताई, मानसशास्त्राला संख्याशास्त्र असतं. टीवायबीएला सायकॉलॉजिकल टेस्टिंग अँड स्टॅटिस्टिक्स असा पेपरच होता आमच्या मैत्रिणींना. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध. अर्थशास्त्रालाही आलेख आणि आकडे आहेत. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र घेतलं तर नाही.

फोर्टातली_वकील

वकिलीबद्दल. बारावीनंतर पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कुठल्याही शाखेतून करता येतो, बारावीला गणित असायची अट नाही. प्रवेश परीक्षेत मात्र थोडं येतं. राज्याच्या पाच वर्षांच्या सीईटीत मूलभूत गणिताचे मोजके प्रश्न असतात, क्लॅटमध्ये (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) साधारण दहा टक्के प्रश्न दहावीच्या पातळीच्या गणिताचे. ते सोडून दिले तरी बाकीच्या विभागांवर निकाल निघू शकतो.

माझ्या स्वतःच्या कामात मला रोज काय लागतं ते सांगते. व्याज, मुदतीचे दिवस, मुद्रांक शुल्काची टक्केवारी, वारसांमध्ये हिस्से. आजोबांच्या खोलीत तीन मुलगे आणि दोन मुली, त्यातला एक मुलगा वारला, त्याची बायको आणि दोन मुलं. प्रत्येकाचा हिस्सा किती? एक पंचमांश, मग त्याचे तीन भाग, एक पंधरांश. हे अपूर्णांक नीट आले नाहीत तर दाव्याचा मसुदाच चुकतो. तिचे अपूर्णांक निसटले असतील तर मार्कांपलीकडे जाऊन ते भरून काढा, एवढंच सांगेन.

वॉर्ड_सात

नर्सिंगचं मी सांगते, तीच माझी नोकरी. बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स, भौतिक-रसायन-जीवशास्त्र. गणित विषय घ्यावा लागत नाही, पण अकरावीचं फिजिक्स गणिताशिवाय पुढे सरकत नाही. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, इतर शाखेची बारावीसुद्धा चालते, इंग्रजी चांगलं हवं. तेव्हा भाचीला तो रस्ता आहे.

पण वॉर्डात आकड्यांपासून सुटका नाही. रात्रपाळीला डॉक्टर लिहून जातात, ५०० मिलिलिटर सलाइन चार तासांत. सलाइनच्या नळीच्या सेटवर लिहिलेलं असतं, २० थेंबांना एक मिलिलिटर. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. साधारण ४१.७, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब. मग घड्याळ समोर धरून थेंब मोजत रोलर सरकवायचा. मुलांच्या वॉर्डात ६० थेंबांचा सेट असतो, तिथे तासाला जितके मिलिलिटर तितके मिनिटाला थेंब, ते सोपं पडतं. हे सगळं आम्हाला ट्रेनिंगमध्ये इतक्या वेळा करायला लावतात की हाताला सवय होते. मी दहावीला गणितात काठावर पास झालेली. परीक्षेत मला भागाकाराची भीती वाटायची. इथे समोर पेशंट असतो, त्यामुळे मी प्रत्येक वेळी दोनदा करून बघते आणि शंका आली तर सिस्टरना विचारते. दोनदा बघायची सवय ज्याला लागली त्याचं चुकत नाही. भीती वाटते म्हणून तिनं नर्सिंग सोडू नये.

सूत_गुण्या

नमस्कार मंडळी. मी जोगेश्वरीला फर्निचरचं काम घेतो. दहावीला गणित आणि इंग्रजी दोन्ही राहिले, पुन्हा बसलो नाही. त्या काळी आयटीआयला सुतारकामाला आठवी पासवर प्रवेश मिळाला. आजही वेल्डर, प्लंबर, वायरमन, सुतार, शिवणकाम या ट्रेडना आठवी पास चालते, तेव्हा अगदी काहीच जमलं नाही असं होत नाही. पण तिथेही वर्कशॉप कॅल्क्युलेशन नावाचा विषय असतो हे लक्षात ठेवा. आणि आयटीआय झाल्यावर मंडळाचे भाषेचे पेपर देऊन दहावीची समकक्षता घेता येते. मी ती उशिरा घेतली, पोरं शाळेत असताना.

टर्नर साहेब म्हणतात ते खरं आहे आणि मला ते लागलंही आहे. पण सगळी माणसं हेल्पर राहत नाहीत. आमच्याकडे माप इंच आणि सुतात, आठ सूत म्हणजे एक इंच. सात फूट तीन इंच पाच सुताच्या भिंतीत सारख्या रुंदीचे चार शटर बसवायचे, मध्ये फटी सोडायच्या, आठ बाय चारच्या शीटमधून कमीत कमी वाया जाईल असं कापायचं, करवतीच्या पात्याची जाडी धरायची. हा हिशोब मी डोक्यात करतो. मुंबईतल्या इमारतींत कोपरा काटकोनात असेल याची खात्री नाही. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लहान पडतो, मग एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करायची आणि दोन खुणांमध्ये टेप धरायची. पाच फूट भरले तर कोपरा खरा. हे माझ्या उस्तादांनी शिकवलं. पुढे मुलीच्या भूमितीच्या पुस्तकात तेच पायथागोरस म्हणून दिसलं तेव्हा मी तिच्याबरोबर बसून तो धडा पूर्ण केला.

मला अडचण कामात आली नाही, कागदावर आली. सरकारी कंत्राटाचा परवाना, बँकेचं कर्ज, मुलाच्या शाळेतला पालकांचा फॉर्म, सगळीकडे ‘शिक्षण’ असा रकाना. तिथे लिहायला काही नसलं की समोरच्याची नजर बदलते. म्हणून माझं म्हणणं, पोरीचं एकच विषय राहिलंय तर तो सोडवा. पुढे गणित नको असेल तर नको. पण त्या रकान्यात तिला लिहिता यायला हवं.

घाटकोपरचा_टर्नर

सूत_गुण्या, तुमचं पटलं. मी सरसकट लिहायला नको होतं.

दादर_अभ्यासिका

स्पर्धा परीक्षांचं थोडक्यात. पदवी कुठलीही चालते, पण गणित परत भेटतं. एमपीएससी राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत दुसरा पेपर, सीसॅट (कल चाचणी), आता फक्त पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के लागतात. यूपीएससीचंही तसंच, २०१५ पासून. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. बँक आणि रेल्वेत तर मोठा हिस्सा. हे सगळं गणित सातवी ते दहावीचंच: टक्केवारी, गुणोत्तर, काळ-काम-वेग, नफा-तोटा. अभ्यासिकेत माझ्या शेजारी बीए इतिहासवाली मुलं बसतात आणि तेविसाव्या वर्षी पाचवीच्या पुस्तकापासून सुरुवात करून ते शिकतात. शाळेत आलं नाही ते त्यांना आता येतं, कारण घाई नसते आणि कुणी वर्गात उभं करत नाही.

तारांगण

एक प्रश्न सगळ्यांना. ज्यांना पुढे साहित्य, कला, कायदा करायचाय त्यांना गणिताची सक्ती हवीच का? २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही कला शाखेकडे जाणाऱ्यांसाठी गणित ऐच्छिक करता येईल का, असं मंडळाला विचारलं होतं. मध्यंतरी बीजगणित-भूमितीऐवजी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय होता, तो बंद केला. सीबीएसईनं २०२० च्या परीक्षेपासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन स्तर ठेवलेत. आपल्या मंडळात तसं असतं तर ही मुलगी आज पास असती.

परळचा_मास्तर

दोन स्तर असावेत असं माझंही मत आहे. ऐच्छिक मात्र नको. ऐच्छिक केलं की गरीब वस्तीतल्या शाळा आधी गणिताचा शिक्षक काढून टाकतील, आणि मुलीनं घ्यायचं म्हटलं तरी शिकवायला कुणी नसेल. सामान्य गणिताच्या काळात पाहिलंय, काही शाळांनी अख्खा वर्ग तिकडे वळवला, कारण निकाल चांगला दिसतो. चौदा वर्षांच्या पोराला कुणी विचारलं नव्हतं की तुला पुढे डिप्लोमा करायचाय का.

पाटीपेन्सिल

मास्तरांशी सहमत. स्तर हवेत, आणि खालच्या स्तरावरून वर यायची वाट उघडी हवी.

मोगरा

शाळेत जाऊन आले. पुरवणीचा फॉर्म भरला, अंतर्गत १६ कायम राहतील असं बाईंनी सांगितलं. छायाप्रतीचा अर्जही केला. समुपदेशकांशी बोलणं झालं, त्यांच्या मते पायाच कच्चा आहे. पाचवी-सहावीची अपूर्णांक-दशांशाची पुस्तकं शेजारच्यांकडून आणली. फर्निचरवाल्या दादांचा तीन-चार-पाचचा प्रकार तिला वाचून दाखवला तर तिनं टेप काढून आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा मोजला. आमचा कोपरा काटकोनात नाही.

तिचं म्हणणं, आधी पास व्हायचं आणि आर्ट्सला जायचं. पुढे जीएनएम की वकिली ते बारावीत ठरवू. भावालाही पटलंय. पार्लरवाल्या काकूंना मीच सांगितलं, पार्लर हा चांगला धंदा आहे, पण तिनं मागितलेला नाही.

मास्तर, रचनांचे दोन प्रश्न तिला जमत नाहीत: वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची, आणि समरूप त्रिकोण.

परळचा_मास्तर

स्पर्शिकेला केंद्र आणि बाहेरचा बिंदू जोडा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढून मध्य मिळवा, मध्यावर टोक ठेवून केंद्रापर्यंत त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा. ते मूळ वर्तुळाला दोन ठिकाणी छेदेल, ते दोन बिंदू बाहेरच्या बिंदूला जोडले की दोन्ही स्पर्शिका तयार. कच्ची आकृती आधी काढायला सांगा आणि कंसाच्या खुणा खोडू देऊ नका. समरूप त्रिकोणाचं मी आज रात्री आकृती काढून इथेच टाकतो. तिनं सोडवलेलं पान फोटो काढून टाका, तपासून देईन.